रॉकेटची छत्री

प्रिय साहेब,

लिफाफा उघडताना पांढरी भुकटी सांडली असेल. घाबरू नकोस, अंगाला लावायची साधी पावडर आहे, झटकून टाक. पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागेल, तेही सध्या बाजूला ठेव. ते काय आहे हे तू एव्हाना ओळखलंही असशील, पण म्हाताऱ्याला त्याच्या क्रमानं सांगू दे. मला मध्येच तोडलं की मी सगळं पहिल्यापासून सुरू करतो, हे तुला माहीत आहे.

सुरुवातीलाच अडलो होतो. ‘प्रिय सूनबाई’ असं लिहिलं आणि पेन थांबलं. कोर्टाचा शेवटचा कागद आल्याचं चिरंजीवांनी फोनवर सांगितलं, आवाज असा की जणू विजेच्या मीटरचं रीडिंग देतोय. त्या कागदानं तू त्याची बायको राहिली नाहीस आणि तो तुझा नवरा राहिला नाही, इथवर मला समजलं. दोघंही शहाणे आहात, कुणी कुणाला छळलं नाही, भांडून भांडून थकलात आणि मग भांडायचंही सोडून दिलंत, हे आम्ही बघत होतोच. पण त्या कागदात माझ्याबद्दल काही लिहिलंय का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, बाबा, तुमचं काय असणार त्यात. तेव्हापासून डोक्यात एकच भुणभुण लागली आहे, की मग मी तुझा कोण? सासरा म्हणावं तर कागद आडवा येतो. कुणीच नाही म्हणावं तर जीभ रेटत नाही. शेवटी सूनबाई खोडलं आणि साहेब लिहिलं. साहेब आणि मिस्त्री हे नातं कुठल्या कोर्टात नोंदलेलंच नव्हतं, त्यामुळे ते मोडायचा अधिकारही कुणाला नाही, असं माझं आपलं मत. ते बरोबर की चूक, हे तू सांगायचंस.

तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा मी दारातच एक खुर्ची उलटी टाकून तिच्या पायांना पॉलिश करत बसलो होतो. अंगात भोकं पडलेला बनियन, डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत तपकिरी. तू अदबीनं विचारलंस, मिस्त्री, साहेब घरात आहेत का? आपल्या बापाचा धंदाच फर्निचर पॉलिशचा आहे, हे चिरंजीवांनी तुला सांगितलेलं दिसत नव्हतं. मी म्हटलं, इथं साहेब कुणी नाही, जागा रिकामी आहे, हवी तर तुम्ही घ्या. तू गोंधळून आत गेलीस, आमच्या हिनं तुला पाणी दिलं, आणि थोड्या वेळानं मी हात पुसून तुझ्यासमोर येऊन बसलो, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ही अजूनही आल्यागेल्याला तो किस्सा सांगते. तेव्हापासून घरात मी बाबा झालो आणि कामाच्या टेबलावर मिस्त्री.

ते कामाचं टेबल आलं कुठून, तेही आठवतंय ना? तुमचं लग्न झालं त्याच सुमारास स्पिरिटच्या वासानं मला खोकला धरला आणि डॉक्टरनं धंदा बंद करायला लावला. रिकामा बसलेला कारागीर घरात कसा वागतो, ते तू भोगलंस. दाराच्या चौकटींवरून बोट फिरवत हिंडायचो. शेजाऱ्यांकडे चहाला गेलो की त्यांच्या टेबलाला नावं ठेवून यायचो. हिनं तर मला सांगून टाकलं होतं की आता माझ्या डोक्यालाच एकदा पॉलिश पेपर मारा आणि मोकळे व्हा. अशात एका सुट्टीच्या सकाळी तू टेबलावर कागद पसरून बसलेली दिसलीस. तुझ्या खोक्यांच्या कारखान्यातून आणलेली पुठ्ठ्याची एक टाकाऊ नळी, बालसा लाकडाचे पातळ पंख, टोकाला बसवायचं नाक, दोरा, आणि प्लास्टिकची एवढीशी छत्री. मला वाटलं, शाळेतल्या पोरांचं खेळणं असेल. तू म्हणालीस, रॉकेट आहे, खरंखुरं उडतं.

मग तू मला समजावून सांगितलंस. खाली काडतुसाएवढं इंजिन बसतं, ते जळतं तेवढा वेळ रॉकेट सुसाट वर जातं, मग काही वेळ नुसत्या वेगावर जातं. पार वर पोचलं की त्याच इंजिनातून आतल्या बाजूला एक फुंकर सुटते. त्या फुंकरीनं नाक निघतं, मागोमाग छत्री बाहेर पडते, उघडते, आणि सगळं तरंगत खाली येतं. मी विचारलं, फुंकर लवकर सुटली तर? उशिरा सुटली तर? फुंकर गरम असणार, मग छत्री वितळत कशी नाही? नाक घट्ट बसलं तर? सैल बसलं तर? तू एकेकाचं उत्तर देत होतीस, न जळणारा कागद छत्रीखाली कसा कोंबायचा ते दाखवत होतीस, आणि चिरंजीव आपलं ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेले. या घरात माझ्या प्रश्नांना कंटाळली नाही अशी तू पहिलीच.

पण दुसऱ्या दिवशी तू चिडलीस, हेही लिहिलं पाहिजे. तू कामावर गेलीस आणि मी सहज त्या पंखांवरून अंगठा फिरवला. लाकडाचा रेघाळपणा अंगठ्याला लागला. मला ते बघवेना. पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि एका दमात सगळ्या कडा गोल करून टाकल्या. तू आलीस, बघितलंस, पर्स खांद्यावरच राहिली. पुढची कड गोल केलीत ते ठीक, पण मागची धारदार हवी, आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं बजावलंस. मी म्हटलं, हात लावणार नाही, पण मागची धारदार का? तेव्हा तू मला बेसिनपाशी नेलंस, नळ बारीक सोडलास आणि चमच्याची पाठ त्या धारेला लावून पाणी कसं वळसा घेऊन चिकटत जातं ते दाखवलंस. वाराही असाच मागं गुंडाळत जातो, त्याला सोडून जायला नीट वाट द्यावी लागते, म्हणालीस. आम्ही दोघं नळापाशी, चमचे ओले, भांडी तशीच पडलेली, आणि ही दारात कमरेवर हात ठेवून उभी. मला तर हातांना नवा जन्म मिळाल्यासारखं झालं होतं.

तेव्हापासून वाटणी ठरली. बांधायचं तू, रंग चढवायचा मी. पुठ्ठ्याच्या नळीवर ती गोल गोल फिरत वर जाणारी चीर असते, तिच्यात लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, परत घासायचा, बोटाला काही लागेनासं होईपर्यंत. तू रंगाच्या प्रत्येक हातानंतर रॉकेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचीस आणि म्हणायचीस, मिस्त्री, हे रॉकेट आहे, कपाट नाही. आणि मी पहिल्याच रॉकेटला हौसेनं अक्रोडी रंग चढवला, शिसवी लाकडालाही लाजवील असा. रॉकेटं उडवायच्या मैदानावर ते झकास उडालं, झकास उतरलं आणि वाळक्या गवतात असं मिसळून गेलं की दुपारपर्यंत आपण दोघं वाकून वाकून शोधत होतो. शेवटी तू कपाळाला हात लावलास आणि रंग निवडायचं खातं माझ्याकडून काढून घेतलंस. ते रॉकेट अजून तिथंच कुठंतरी असेल.

तर मग त्या पांढऱ्या रॉकेटकडे येतो. त्याच्यासाठीच एवढं सगळं लिहितोय. गेल्याच्या गेल्या वर्षी, थंडीच्या तोंडावर, मैदानावरच्या उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी तू छत्रीची घडी घातलीस, दोरे गुंडाळलेस, आत सरकवलीस आणि नाक बसवलंस. सकाळी नुसतं उचलून निघायचं होतं. सकाळी तुम्ही दोघं स्वयंपाकघरात आलात आणि आम्हाला समोर बसवून सांगितलंत की आता वेगळं राहायचं ठरलंय. चहा निवून गेला. मैदानावर कोण जातंय. त्याच आठवड्यात तू कारखान्याच्या त्या दुसऱ्या गावच्या शाखेत बदली मागून गेलीस, पुढं चिरंजीवांनीही खोली बघितली, आणि रॉकेट शेल्फवर तसंच उभं राहिलं. मी रोज त्याच्याभोवतीची धूळ पुसायचो. नाक मात्र कधी काढलं नाही. आत तुझ्या हातची घडी होती, ती मोडायला मन होईना.

थंडी सरता सरता तू उरलेलं सामान न्यायला आलीस. दोन बॅगा दारात, तुझी बस दुपारची. मी म्हटलं, आज मैदान उघडं आहे. तू घड्याळ बघितलंस आणि म्हणालीस, चला. शेल्फवरून उचललं तसंच घेऊन गेलो. किती सुरेख गेलं होतं ते वर, आठवतंय? आजवरचं सगळ्यात सरळ. उन्हात रंग चकाकला तेव्हा बाजूचे दोघंतिघं माना वर करून बघायला लागले आणि मी गालातल्या गालात हसलो. फुंकरीचा आवाज आला, नाकही निघालेलं दिसलं. आणि मग छत्री उघडलीच नाही. मुटकुळं होऊन दोऱ्याला लटकत राहिली आणि रॉकेट दगडासारखं खाली आलं. तू धावत पुढं गेलीस. एक पंख तुटलेला, नळी उभी फाटलेली. तू ते मुटकुळं हातात घेतलंस, दाबून पाहिलंस आणि म्हणालीस, माझी घडी चुकली, बाबा. घरी येऊन बॅगा घेतल्या. थांब्यावर बॅगा खाली ठेवल्यास आणि कुणी विचारलं नसताना पुन्हा तेच म्हणालीस, माझीच घडी चुकली. त्या वेळी तू छत्रीबद्दल बोलत नव्हतीस, एवढं मला कळलं. पाठीवर हात ठेवावा की ठेवू नये, आता तेवढा हक्क आहे की नाही, अशा विचारात मी होतो, तेवढ्यात बस आली.

वर्ष होत आलं त्याला. मध्ये तू हिला फोन केलेस, माझी चौकशी केलीस, आणि मी हातानं खुणा करून बाथरूममध्ये असल्याचं सांगायला लावलं. रागावलो नव्हतो. तुला द्यायला उत्तर नव्हतं माझ्याकडे, आणि नुसतं कशी आहेस, बरी आहेस, असं तुझ्याशी बोलायची मला सवय नाही. मला तो एकच प्रश्न खात होता. छत्री उघडली का नाही?

टेबलाला तडा गेला की गिऱ्हाईक पॉलिशवाल्यालाच बोल लावतं. मी जन्मभर ते ऐकून घेतलं, पण तडा कुठून सुरू झालाय ते बघितल्याशिवाय कधी कबूल केलं नाही. मग तू कबूल केलेलं मी का ऐकून घ्यावं? मोडकं रॉकेट टेबलावर घेतलं. नाक घट्ट बसलं होतं का? नाही, ते निघालेलं आपण दोघांनी पाहिलं. फुंकर कमी पडली? नळी आतून चांगली काळी झालेली होती. दोऱ्यांना पीळ? एकही नाही. मग उरली घडी. ती मी चष्मा लावून, एकेक पदर उचलत उलगडली, शिवणकामाचा टाका उसवावा तशी. साहेब, त्या घडीत काही खोट नव्हती. मग मी स्वतः तशीच घडी घालायला शिकलो, नव्या नळीत घातली, खालून सायकलचा पंप जोडला आणि नळी टेबलाला आवळून जोरात दाबला. नाक उडालं ते हिच्या कुंडीवर आदळलं. छत्री मात्र फुलून बाहेर आली. पुन्हा केलं, पुन्हा उघडली. जितक्यांदा केलं तितक्यांदा उघडली. मला आनंद व्हायला हवा होता, पण डोकं पिकायची वेळ आली. घडी तीच, प्लास्टिक तेच, मग त्याच दिवशी काय बिघडलं होतं?

ही मला ओरडत होती. तुला माहीत आहे, एवढी वर्षं वॉर्डात नर्सचं काम करून तिचं एक ठरून गेलंय, की खपली धरली असेल तर नखं लावायची नाहीत. त्या पोरीला आता तिचं तिचं आयुष्य उभं करू दे, तुम्ही पत्रं लिहून तिला मागं ओढू नका, असं तिनं मला पहिल्या महिन्यातच निक्षून सांगितलं होतं. मी म्हटलं, मी कुठं ओढतोय, मला फक्त कळायला हवंय. ती म्हणाली, तुम्हाला कळून त्या पोरीचं काय व्हायचंय? यावर आमची चांगलीच जुंपली आणि बरेच दिवस घरात चहा हवा का, नको, एवढंच बोलणं चाललं. पण खरं सांगू? तिचा प्रश्न बरोबर होता. कळून तुझं काय होणार, हे मलाही तेव्हा सांगता येत नव्हतं.

आणि उलगडा केला तोही तिनंच, मुद्दाम नव्हे. यंदा थंडी सुरू झाली तेव्हा तिच्या जुन्या मैत्रिणी यायच्या होत्या. तिनं पेटीच्या तळातून जेवणाच्या टेबलावर घालायचं प्लास्टिकचं कापड काढलं. पसरलं तर ते पसरेना. घड्यांच्या जागी चौकोन चौकोन वर उभे राहिलेले. हातानं दाबलं की बसायचं, हात काढला की पुन्हा उठायचं. कोपऱ्यांवर बशा ठेवल्या तर बशाच घसरायला लागल्या. ती आपल्याशीच पुटपुटली, फार दिवस घडीत ठेवलं ना मी, वर ही थंडी. माझ्या हातात कप होता तो तसाच राहिला. मैत्रिणी आल्या तेव्हा त्यांना मी टेबलावर ओणवा होऊन कापडाला गाल लावून बघताना दिसलो. ही त्यांना म्हणाली, लक्ष देऊ नका, हे ठीक आहेत.

मग मी रीतसरच लागलो कामाला. त्याच प्लास्टिकच्या बऱ्याच छत्र्या कापल्या, सगळ्यांच्या तुझ्यासारख्या घड्या घातल्या, काही घरात ठेवल्या, काही गॅलरीत थंडीत. एक लगेच उघडून बघायची, एक थोड्या दिवसांनी, एक बऱ्याच दिवसांनी. त्यासाठी मी वरून टाकायची आणि खाली पळत जाऊन बघायची. जिना चढून उतरून गुडघे बोलायला लागले, तेव्हा हिला राहवलं नाही. ती वरच्या मजल्यावर जाऊन उभी राहिली आणि मला खाली पिटाळलं. ताजी घडी कठड्यावरून सुटली की लगेच फुलायची. थोडे दिवस राहिलेली आळसटून, अर्धीमुर्धी. थंडी सरत आली तशी गॅलरीतली शेवटची काढली, पहिल्यापासून जपून ठेवलेली. ती जी सुटली ती थेट माझ्या चपलेपाशी येऊन पडली, अगदी त्या दिवशीसारखं मुटकुळं. वरून हिनं विचारलं, अहो, उघडली का? मी नुसती हातात धरून दाखवली. ती जिना उतरून आली, पायरीवर बसली, ते मुटकुळं तळहातावर घेऊन बोटांनी हलके हलके चोळत राहिली. एकेक पदर चिकटलेला सुटत गेला. मग आत जाऊन पावडरचा डबा घेऊन आली. वॉर्डात रबरी हातमोजे पुन्हा वापरायचे असले की अशीच पावडर लावून ठेवायचो, म्हणाली, नाहीतर बोटं एकमेकांना धरून बसतात.

तर साहेब, तपासणीचा निकाल असा आहे. तुझी घडी चुकली नव्हती. घडी उत्तम होती. ती फार दिवस कुणी उघडलीच नाही आणि थंडीत तशीच पडून राहिली, एवढंच झालं. तू उघडायला इथं नव्हतीस आणि मी तिला जपत बसलो होतो. गुन्हेगार शोधायला गेलं तर कुणी सापडत नाही. मी प्लास्टिकबद्दल बोलतोय, हे ध्यानात ठेव. तुमच्या दोघांमधलं मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही मी त्यात नाक खुपसणार नाही. पण थांब्यावर उभं राहून तू स्वतःला जे लावून घेतलंस, ते छत्रीच्या बाबतीत तरी साफ खोटं निघालं. एका बाबतीत खोटं निघालं तर दुसऱ्या बाबतीतही एकदा तपासून बघायला काय हरकत आहे? गप्प राहिलो म्हणून तुझं म्हणणं मला पटलं असा तुझा समज झाला असेल, तर तो काढून टाक. मला त्या दिवशीही पटलं नव्हतं. पुरावा नव्हता, इतकंच.

मधल्या काळात एकदा नुसताच मैदानावर गेलो होतो. तो शिट्टीवाला, सगळ्यांना मागं सरकवून उलटे आकडे मोजणारा, लांबूनच ओरडला, मिस्त्री, साहेब कुठं आहेत? मी म्हटलं, रजेवर. तो म्हणाला, परत कधी यायच्यात? मी दुसऱ्या कुणाच्या रॉकेटचे पंख बघायचं निमित्त काढून तिथून हललो. बाकी घरात, शेजारात, नात्यागोत्यात तुझ्याबद्दल विचारायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलंय. तो एकटाच असा भेटला की ज्याला तू येणारच असं वाटतंय. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी, आणि फार बरंही वाटलं.

घरी आलो आणि नवीन रॉकेट बांधायचं ठरवलं. सगळं एकट्यानं केलंय, त्यामुळे हसू नकोस. पंख सरळ बसावेत म्हणून दाराच्या चौकटीचा काटकोन धरला, तरी एक किंचित तिरका गेलाय, तो तू बघता क्षणी पकडशील. मागच्या कडा धारदार ठेवल्यात. चीर भरली, घासली, आणि रंगाचे मोजकेच हात मारले, प्रत्येक हाताला काट्यावर ठेवून. रंग पिवळा, तुझ्याच खात्यानं मंजूर केला असता असा ढळढळीत. खाली पंखाजवळ आपण नेहमी बारीक अक्षरांत ‘साहेब–मिस्त्री’ लिहायचो ना, तिथं येऊन मात्र ब्रश बराच वेळ हवेत राहिला. तुला न विचारता तुझं नाव घालावं का? शेवटी घातलं. नको असेल तर सांग, एका हातात झाकता येतं.

आता त्या कागदातल्या पुडक्याचं. ती या पिवळ्या रॉकेटची छत्री आहे. मी कापलेली नव्हे, हिनं कापलीय. पत्र लिहू नका म्हणून मला वर्षभर दटावणाऱ्या बाईनं आज सकाळी ती पावडर लावून, घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, जाड लिफाफा आणा. थंडी संपल्यावर पहिल्या रविवारी मैदान उघडतंय. रॉकेट माझ्याकडे आहे आणि छत्री तुझ्याकडे, आणि छत्रीवाचून शिट्टीवाला रॉकेट उड्डाणाच्या सळईवर चढवू देत नाही. दुसरी छत्री मला कापता येईल, पण मी कापणार नाही. तू आलीस तर तिथंच, मैदानावर उभं राहून, ताजी घडी घाल. नाही आलीस तर मी रॉकेट घेऊन घरी येईन आणि शेल्फवर ठेवीन, या खेपेला नाक काढून, आणि तुझ्यावर रुसणार नाही. कुठल्या नात्यानं यायचं असा प्रश्न पडला तर साहेब म्हणून ये, ती जागा अजून रिकामी आहे. माझं पोर गेल्यासारखं वाटतंय गं मला, एवढं एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. पण यायचं की नाही ते नंतर ठरव, सावकाश ठरव. पोस्टात ती छत्री आधीच बरेच दिवस घडीत राहिली आहे. पत्र खाली ठेव आणि पहिल्यांदा ती उघड.

तुझाच,
मिस्त्री